राज्य कुणावर? ('द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'च्या वाचनाला प्रस्तावना)

जपानी मुलं पकडापकडी खेळतात तेव्हा ज्याच्यावर राज्य असतं त्याला ती 'ओनी' म्हणतात. ओनी म्हणजे राक्षस. खेळाचं नावच मुळी ओनीगोक्को. आपल्याकडे 'तुझ्यावर राज्य' असं म्हणतात खरं, पण त्या बिचाऱ्याच्या वाट्याला राज्यबिज्य काही येत नाही, नुसती धाप लागते. जपान्यांनी मात्र त्या धावणाऱ्याला सरळ राक्षस करून टाकलं. कायू शिराई यांनी लिहिलेल्या आणि पोसुका देमिझु यांनी चितारलेल्या 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' या मांगात सुरुवातीची मुलं हाच खेळ खेळतात. पांढरेशुभ्र कपडे, हिरवंगार कुरण, मागे रान, आणि रानात एक कुंपण, ज्याच्या पलीकडे जायचं नाही. थोड्याच पानांनंतर खरा ओनी दिसतो आणि मग खेळातलं पळणं हा पुढच्या पळून जाण्याचा सराव होऊन बसतो.

ग्रेस फील्ड नावाच्या या अनाथालयात अडतीस मुलं आहेत. त्यांची 'ममा' इझाबेला त्यांच्यावर जीव टाकते. जेवण उत्तम, अंथरूण स्वच्छ, रोज बुद्धीची परीक्षा. एम्मा, नॉर्मन आणि रे ही अकरा वर्षांची तिघं परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी. बारा वर्षांचं व्हायच्या आत प्रत्येकाला कुठलं ना कुठलं कुटुंब दत्तक घेतं आणि मूल निघून जातं. गेलेल्यांपैकी कुणाचं पत्र मात्र कधी येत नाही. १२ ऑक्टोबर २०४५ च्या रात्री सहा वर्षांची कॉनी निघते आणि तिचं लाडकं सशाचं बाहुलं मागेच राहतं. ते द्यायला एम्मा आणि नॉर्मन नियम मोडून दरवाजापर्यंत जातात. तिथे उभ्या असलेल्या गाडीत कॉनी असते, पण जिवंत नसते. छातीत एक फूल रोवलेलं असतं. अनाथालय म्हणजे राक्षसांसाठी मांस पिकवणारं फार्म आहे, परीक्षा म्हणजे मेंदू किती चविष्ट झाला याची मोजणी आहे, आणि ममा ही राखणदार आहे. पळताना ससा गाडीखाली राहून जातो. तो इझाबेलाच्या हाती लागतो. आता कुणीतरी दरवाजापर्यंत आलं होतं हे तिला कळलेलं आहे, आणि तिला कळलंय हे मुलांना कळलेलं आहे.

हा मांगा माझ्या हातात भाचीने ठेवला. इंग्रजी अनुवादाचे वीस खंड दोन पिशव्यांतून आणले आणि म्हणाली, "मावशी, पहिले पाच एका दमात वाच. विसावा वाचून झाला की मला फोन करू नकोस, मी आधीच भांडून दमलेय." फोन मी केलाच. पुढची पानं त्या भांडणातून निघाली आहेत. प्रस्तावना आधी वाचायची की पुस्तक संपल्यावर, हा मराठी वाचकांचा जुना वाद. माझं मत विचाराल तर ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं आणि निदान पाचवा खंड संपवून परत यावं. शेवट न फोडता शेवटाबद्दल बोलायची विद्या मला येत नाही.

पहिले पाच खंड, म्हणजे मुख्यतः पहिली ३७ प्रकरणं, हे गेल्या दोन दशकांतल्या जपानी रहस्यकथेतलं फार घट्ट विणलेलं काम आहे असं मला वाटतं. घट्ट अशासाठी की त्यात नियम थोडे आहेत आणि ते कुणासाठीही वाकत नाहीत. मुलांच्या शरीरात ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवलेलं आहे, ते कानात आहे, तेव्हा कानाचं काहीतरी करावंच लागणार. ममाकडे ते यंत्र वाचायचं घड्याळासारखं उपकरण आहे, पण त्यात मुलांची नावं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. ग्रंथालयात विल्यम मिनर्व्हा नावाच्या कुणीतरी दिलेली पुस्तकं आहेत आणि त्यांवरच्या घुबडाच्या शिक्क्याभोवती मोर्सच्या खुणा दडवलेल्या आहेत. क्रोन नावाची दुसरी राखणदारीण येते आणि मुलांबरोबर पकडापकडीत राज्य घेते. त्या प्रसंगात एकही राक्षस नाही, तरी अंगावर काटा येतो. देमिझुंची रेषाही इथे बंदिस्त आहे. लांबच लांब पोकळ मार्गिका, छताजवळून खाली पाहणारे कोन, आणि इझाबेलाचं हसू, जे डोळ्यांपाशी येऊन थांबतं. मुलांच्या प्रत्येक चालीला ममाची उत्तरचाल तयार असते. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ही मजा वेगळी सांगायला नको.

या खंडांची खरी ताकद मला हिशोबात दिसते. इथे काहीच फुकट मिळत नाही. सगळ्यांना सोबत न्यायचं असा एम्माचा हट्ट. त्या हट्टापायी तिचा पाय मोडतो आणि नॉर्मनची रवानगी लवकर होते. कुंपणापलीकडच्या भिंतीमागे खोल दरी आहे हे पाहून आल्यावर नॉर्मन रिकामी बॅग घेऊन शांतपणे दरवाजाकडे चालत जातो, कारण आपण गेलो तरच बाकीच्यांना वाव मिळेल हे त्याला ठाऊक असतं. रे हा सुरुवातीपासून ममाचा हेर होता आणि तो तिचा पोटचा मुलगा आहे, हेही कळतं. शेवटी एम्मा स्वतःचा कान कापते. निघतात पंधराच जणं. चार वर्षांच्या फिलसकट सगळी धाकटी मुलं मागे ठेवावी लागतात, सहा वर्षांची होईपर्यंत त्यांना कुणी नेणार नाही या एकाच भरवशावर. 'सगळ्यांना नेऊ' म्हणणाऱ्या मुलीला आधी निम्म्याहून अधिक मुलं मागे सोडावी लागतात. पुढे जे बिघडलं ते याच हिशोबात बिघडलं, असं माझं हे पुस्तक म्हणतं.

मांगा कुठे छापला जातो हे माहीत असल्याशिवाय या कथेच्या शेवटाकडच्या घाईचा अर्थ लागत नाही. शुएइशाच्या 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात ही मालिका १ ऑगस्ट २०१६ च्या अंकापासून १५ जून २०२० च्या अंकापर्यंत चालली. प्रकरणं १८१, खंड २०. दर आठवड्याला साधारण १९ पानं, लेखक-चित्रकार थकले तरी. अंकात वाचकांसाठी मतांचं कार्ड असतं. कुठली कथा आवडली ते वाचक कळवतात आणि ज्यांची मतं घसरली त्या मालिका बंद होतात. या मधेच कापण्याला जपानीत 'उचिकिरी' असा शब्द आहे. 'शामन किंग' ही भूतांशी बोलणाऱ्यांची मालिका २००४ मध्ये अशीच अर्ध्यात थांबली. तिच्या अखेरीस हिरोयुकी ताकेई यांनी एक संत्रं काढून ठेवलं. जपानीत 'मिकान' म्हणजे संत्रं आणि 'मिकान' म्हणजे अपूर्णही. संपादकांना काय बोलायचं ते माणूस फळात बोलला. काही वर्षांनी नव्या आवृत्तीत त्यांनी ती कथा पुरी केली.

त्याच जंपमधली 'डेथ नोट' ही त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची मालिका मराठी घरांतल्या कॉलेजच्या मुलांना जास्त ओळखीची. २००३ ते २००६, १०८ प्रकरणं. त्यातला एल हा गुप्तहेर ५८ व्या प्रकरणात मरतो आणि उरलेली ५० प्रकरणं त्याच्याविना ओढावी लागतात. शेवटी सगळा डाव एका गोष्टीवर येतो: नावांनी गच्च भरलेली एक अख्खी वही एका माणसाने एका रात्रीत हुबेहूब नकलून काढली. आमच्या शाळेत शिक्षा म्हणून शंभर ओळी लिहायला लावत, त्यालाच दोन दिवस लागायचे. ज्याच्या वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो त्या मृत्यूदेवावर वाचक विश्वास ठेवतो, त्याच्या सफरचंदाच्या व्यसनावरही ठेवतो, पण त्या नकलाकारावर ठेवत नाही. अद्भुत कथेत अशक्य गोष्ट चालते, नियमाबाहेरची चालत नाही.

'नेव्हरलँड'वर उचिकिरीची वेळ आली नव्हती, आणि म्हणूनच तिची घाई जास्त खुपते. मालिका जोरात होती. शोगाकुकान मांगा पुरस्कार तिला मिळालेला, ॲनिमे गाजलेलं, जपानी चित्रपट तयार होत होता. २०२० च्या त्या उन्हाळ्यात जंपमधल्या मोठ्या मालिका एकामागून एक संपल्या. मे महिन्यात 'डेमन स्लेयर', जूनमध्ये ही, जुलैत 'हायक्यू'. लेखकाला कुठे थांबायचं हे ठाऊक असणं ही साप्ताहिकात चैनीचीच गोष्ट, आणि त्याबद्दल मी शिराईंना नावं ठेवणार नाही. गोष्ट ताणत राहण्यापेक्षा संपवणं कधीही बरं. आपल्या दूरचित्रवाणीवर सासू तिसऱ्यांदा स्मृतिभ्रंशातून उठते तेव्हा हे मत आणखी पक्कं होतं. प्रश्न इतकाच की संपवताना त्यांनी काय वगळलं.

कुंपणाबाहेर पडल्यावर गोष्ट घरातून जगात येते, आणि रहस्य दरवाजाइतकं उरत नाही. हजार वर्षांपूर्वी माणसं आणि राक्षस यांच्यात करार झाला, जगाचे दोन तुकडे झाले, आणि राक्षसांच्या बाजूला काही माणसं ठेवली गेली. ही मुलं त्या माणसांची पैदास. माणूस खाल्ला नाही तर राक्षसाची बुद्धी आणि आकार दोन्ही ढासळतात, म्हणून त्यांना मांस लागतं. हे कळल्यावर राक्षस नुसते राक्षस राहत नाहीत. त्यांचीही पोरंबाळं आहेत, बाजार आहेत, उत्सव आहेत. गोल्डी पाँडच्या शिकारगावातला भाग या मोठ्या जगातही जमून येतो, कारण तिथे पुन्हा कुंपण आहे, थोडे नियम आहेत, आणि लेयुव्हिससारखा एक शिकारी आहे ज्याला मारलं जाण्याचा धोकाच कंटाळवाण्या आयुष्यावरचा उतारा वाटतो. माझ्या मते गोल्डी पाँडनंतर मालिकेने पुन्हा इतकी भक्कम भिंत उभारली नाही.

मग नॉर्मन परत येतो. मेलेला नव्हताच, प्रयोगशाळेत नेला होता. भाचीला इथे आनंदाने रडू आलं. मला पहिल्यांदा शंका आली, कारण रिकामी बॅग घेऊन गेलेल्या त्या मुलाच्या चालण्याचं वजन त्या क्षणी निम्मं झालं. पण शिराई इथे एक मोठं धाडस करतात. परतलेला नॉर्मन सगळ्या राक्षसांचा समूळ संहार करायला निघालेला आहे आणि एम्माला ते नको आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं, त्याच्याकडे खाणाऱ्याच्या मुलांसाठी दया मागायची का? मागायची तर कुणी? मुलांच्या साप्ताहिकात हा प्रश्न इतक्या सरळपणे उभा राहावा याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मध्यावरचं एक अख्खं प्रकरण या पुस्तकात त्यासाठीच राखलं आहे.

दुर्दैव असं की या प्रश्नाची किल्ली लेखकाने फार आधी खिशात टाकून ठेवलेली असते. मुजिका नावाची राक्षसकन्या आहे, जिचं रक्त घेतलं की राक्षसाला माणूस न खाताही शाबूत राहता येतं. अशी किल्ली हाताशी असली की तिसरा मार्ग काढावा लागत नाही, तो आयता मिळतो. नॉर्मनचा प्रश्न उत्तर न देताच बाजूला सरतो. आणि इथून पुढे वेग असा वाढतो की वाचताना मी दोनदा मागे जाऊन पान चुकलं का ते पाहिलं. राजधानीत कत्तल होते. मेलेली राणी पुन्हा उठते आणि पुन्हा पडते. मुजिकाला मृत्युदंड होणार म्हणेपर्यंत, मेला असं ज्याला आपण समजून बसलो होतो तो लेयुव्हिस उभा राहतो आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या पानांत मुजिका राणी होते. हजार वर्षांचं राज्य उलथलं आणि एका राक्षसाच्या घरी त्या रात्री काय शिजलं, हेही आपल्याला दिसत नाही. नॉर्मनला प्रयोगांतून जडलेलं जीवघेणं दुखणं असतं, त्यावरही उपाय सापडतो.

इझाबेलाचं काय होतं ते मला सगळ्यात जास्त लागलं. पहिल्या पाच खंडांत ती जितकी भयंकर, तितकीच समजण्यासारखी. तीही इथलंच मूल. जगायचं तर राखणदार व्हायचं हा एकच रस्ता तिच्यापुढे होता, आणि आपल्याला का जन्म दिलास या रेच्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर ममाच्या सगळ्या हास्यांची किंमत सांगून जातं. अशी बाई अखेरीस पुन्हा येते, राखणदारिणींसह मालकांवर उलटते, मुलांना वाचवताना राक्षसाच्या पंजाखाली मरते. उलटण्याआधीची तिची रात्र कुठे आहे? मुलांनी तिला क्षमा केली, ठीक. किती जणांनी नाही केली? ज्यांची भावंडं तिने स्वतः दरवाजापर्यंत पोचवली, त्यांच्यातलं एखादं पोर तिच्या प्रेतापासून तोंड फिरवून उभं राहिलं असतं तरी मी शिराईंना विसावा खंड माफ केला असता.

आता मूळ मुद्द्यावर येते. एम्माला जुना करार मोडून नवा करावा लागतो. ज्याचं नावही उच्चारता येत नाही अशा एका देवसदृश अस्तित्वाशी ती बोलते आणि सगळ्या मुलांना माणसांच्या जगात न्यायची परवानगी मिळवते. त्याने बदल्यात काय मागितलं ते चित्रचौकटीत येत नाही, आणि एम्मा घरच्यांना सांगते की काहीच मागितलं नाही. आपण पहिल्या पाच खंडांचे वाचक, त्यामुळे ती खोटं बोलतेय हे आपल्याला माहीत असतं. सगळे पलीकडे पोचतात आणि एम्मा त्यांच्यात नसते. त्याने तिचं कुटुंब मागितलेलं असतं. बाकीच्यांना ती आठवते, तिला कुणीच आठवत नाही. कुठल्याशा बर्फाळ मुलखात एक एकटा म्हातारा तिला सांभाळतो.

ही कल्पना थोर आहे. ज्या मुलीचा एकमेव हट्ट 'सगळ्यांना नेऊ' हा, तिच्याकडून 'सगळे' हेच काढून घेणं. पहिल्या प्रकरणापासून जमत आलेल्या हिशोबातली ही शेवटची आणि सगळ्यात मोठी रक्कम. आणि ती शेवटच्या मोजक्या प्रकरणांत येते, भरली जाते आणि जवळपास परत मिळते. दोन वर्षं भावंडं तिला शोधतात, ती सापडते, तिला काही आठवत नाही पण डोळ्यांतून पाणी येतं, आणि ती त्यांच्यासोबत निघते. स्मृती गेलेली ती गेलेलीच राहते, हे शिराईंच्या बाजूने सांगायला हवं. भाची म्हणते, एवढं पुरे आहे, तुला मुलं रडवायचीच आहेत का? तसं नाही. मला ती दोन वर्षं हवी होती. रेने शोधताना पहिल्यांदा आशा सोडली तो दिवस, फिलने तिचं नाव घ्यायचं बंद केलं तो दिवस, म्हाताऱ्याच्या घरी तिला कारण न कळता कापलेल्या कानाकडे हात जायचा ते सगळे दिवस. आणि माणसांचं जग? युद्धांतून शहाणं झालेलं, मुलांना हसतमुखाने सामावून घेणारं एक जग काही पानांत उघडतं आणि मिटतं. ज्या मुलांना जन्मापासून हसतमुख बाईने फसवलं, ती नव्या जगाच्या हसण्यावर एका पानात विश्वास ठेवतात.

आपल्या गूढकथेला हा धोका फारसा नव्हता. रत्नाकर मतकरींची गूढकथा आटोपशीर असते. वाचकाला कुठल्या वाक्यावर सोडायचं हे लेखकाला पहिल्या वाक्यापासून माहीत असतं. नारायण धारप वाड्यात शिरले की वाड्यातच राहतात, वाड्याचं जगभरातलं अर्थशास्त्र समजावायला बाहेर पडत नाहीत. ग्रेस फील्ड हाही एक वाडाच होता. त्याबाहेर पडायची हिंमत शिराईंनी दाखवली म्हणून त्यांना मोठं जग मिळालं आणि मोठ्या जगाची देणीही आली. म्हणून १८१ प्रकरणांनंतरच्या निराशेची तुलना मी मतकरींच्या एका कथेशी करणार नाही, ते कुणालाच न्याय्य होणार नाही.

ॲनिमेबद्दल थोडक्यात, कारण पुष्कळ वाचक त्याच वाटेने येतात. क्लोव्हरवर्क्सने २०१९ मध्ये पहिल्या ३७ प्रकरणांचे १२ भाग केले आणि ते उत्तम आहेत. २०२१ मध्ये उरलेल्या १४४ प्रकरणांचे ११ भाग केले. हे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहा. गोल्डी पाँड पूर्ण वगळला आणि शेवटच्या भागात राक्षसांच्या जगाचं भवितव्य स्थिरचित्रांच्या मालिकेत उरकलं, एखाद्या लग्नाच्या अल्बमसारखं. त्यापुढे मांगाचा शेवट अगदी निवांत वाटतो. मांगाच्या शेवटावर चिडलेले कित्येक जण ॲनिमे पाहून पुन्हा त्याच शेवटाची बाजू घेऊ लागले. भाची त्यांतलीच.

या पुस्तकात पुढे खंडांच्या क्रमाने वाचन आहे. पहिल्या पाच खंडांना निम्मी जागा दिली आहे आणि शेवटच्या तीन खंडांना मिळून एक प्रकरण. हे असमान आहे याची मला कल्पना आहे. राक्षस हा शब्द मी ओनीसाठी सरसकट वापरला आहे, जरी आपल्या राक्षसाला शिंगांखेरीज दहा तोंडांचीही सवय असली तरी. नावं इंग्रजी अनुवादात आहेत तशी ठेवली आहेत. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पहिल्यांदा वाचणारे पहिली दहा पानं उलटी वाचतात आणि मग शरमतात. तुम्ही शरमू नका, मी चाळीस वाचली होती आणि कॉनी मरण्याआधीच मेली कशी याचा विचार करत बसले होते.

भाचीचे एकोणीस खंड मी परत केले. पाचवा अजून माझ्याकडे आहे, तो ती मागत नाही.